तुमच्या आधी चाललेले बूट

गुरुवार, ३ ऑक्टोबर

ताई,

फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुमचे तपकिरी बूट तयार होऊन फळीवर बसलेत त्याला बरेच दिवस झाले. 'तयार झाले की कळवा' म्हणून तुम्ही खोक्यावर पत्ता लिहून दिला होतात, आणि मी रोज 'उद्या कळवू' म्हणत राहिलो. गिऱ्हाइकाला पत्र लिहायची मला सवय नाही. गिऱ्हाईक येतं, बूट नेतं, चावले तर भांडायला परत येतं, एवढीच आमची ओळख. शाळा माझी चौथीत सुटली. लिहायला बसलो की जीभ दातांत येते आणि आमची ही हसते, म्हणून ती बाहेर गेली की लिहितो. शेजारचा चावीवाला डोकावून म्हणाला, "उस्ताद, एवढं काय लिहिताय? मृत्युपत्र?" जगाची कुलपं उघडतो, पण त्याच्या तोंडाला कुलूप कोणी लावायचं!

दुसरी काळजी अशी की हे पत्र तुमच्याच हातात पडेल ना? घरात दुसऱ्या कोणी फोडलं तर? म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'बुटांबाबत' असं लिहिलंय. बुटांबद्दलचं पत्र कोण कशाला वाचेल?

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ऊन तापलेलं होतं. दुकानात मी, शिवणयंत्र आणि भिंतभर कलबुतं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा. त्यावर चामडं ताणून आम्ही बूट शिवतो, ज्याचं त्याचं वेगळं. तुम्ही मोजा काढून कागदावर पाय ठेवलात. मी पेन्सिल उभी धरून कडेने फिरवत नेली आणि टाचेपाशी माझा हात थांबला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलेलं, ते पुष्कळांचं असतं. पण डावी टाच उजवीपेक्षा अरुंद, चवडा फताडा, आणि तळव्याची कमान इतकी उंच की खालून उंदीर पळेल. असा पाय मी आयुष्यात एकच पाहिलाय, आणि तो रोज रात्री अंथरुणात मला गार लागतो.

मला हसू आलं. एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात, मग पायांचीही असतील. तुमच्यासाठी नवं कलबूत कोरायला हवं होतं. मी हिचं काढलं, तुमच्या मापाला लावलं, आणि त्यावरच बूट शिवले. माझे वडील असं करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, एकाच्या कलबुतावर दुसऱ्याचा बूट शिवलास तर बुटालाच कळत नाही आपण कोणाचे.

दुसऱ्या खेपेला तुम्ही नुसतं अस्तर लावलेले बूट घालून बघायला आलात. वरून हिने हाक मारली, "अहो, चहा गार होतोय, की तिथेच आणून ओतू डोक्यावर?" तुमची मान जी वर गेली ती खाली येईना. मग तुम्ही विचारलंत, "वर कोण असतं?"

"आमची मालकीण."

"मुलंबाळं?"

लोक विचारतात तेव्हा मी जे करतो तेच केलं. भिंतीकडे हात केला आणि म्हणालो, "ही काय, भिंत भरून! एक रडत नाही, एक उलट बोलत नाही."

तुम्ही हसलात. मग म्हणालात, "कधी वाटलं नाही? त्यांनासुद्धा?"

"छे हो. हिला मुलांची आवडच नाही. आम्हाला कोणी नाही आणि आमचं काही अडलंही नाही."

तुम्ही बूट काढून माझ्या हातात ठेवलेत आणि आपल्या चपलांचे पट्टे न लावताच निघालात. ते पट्टे फरशीवर आपटत गेल्याचा आवाज मी अजून ऐकतोय. तेव्हा मला वाटलं, ही बाई घरमालकाने पाठवलेली. वारस नाही, म्हणजे म्हातारा-म्हातारी गेली की दुकान मोकळं, याची ही चौकशी. पुढे किती तरी दिवस मी दाराला आतून खुर्ची लावून झोपलो.

आता मला कळलंय की तुम्ही बूट शिवायला आला नव्हतात. तुम्ही तिला बघायला आला होतात. ती तुमची कोण, ते या कागदावर लिहायचा धीर होत नाही, पाकीट ओलं झालं की आतली अक्षरं दिसतात. पण तुम्ही परत या. बूट नेण्यासाठी नव्हे, तुम्ही या म्हणून लिहितोय.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. बूट आता अगदी कोरे राहिले नाहीत. तळ थोडे घासलेत. मी घातले नाहीत, माझा पाय त्यात अंगठ्यापुरतासुद्धा जाणार नाही. उत्तराची वाट बघतो.

तुमचा
बूटवाला


सोमवार, १४ ऑक्टोबर

ताई,

तुमची चिठ्ठी मिळाली. 'वापरलेले बूट मला नकोत. कोणालाही देऊन टाका. पुन्हा लिहू नका.' तीन वाक्यं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. अक्षर सुरेख आहे तुमचं, राग आला तरी ओळ सरळच गेलीय.

लिहू नका म्हणालात आणि मी लिहितोय. पण चूक माझी होती. अर्धंच सांगितलं की माणूस उरलेलं अर्धं वाईटच समजून घेतं. आता पाकीट भिजलं तर भिजू दे, सरळ लिहितो. तुमचे बूट तुमच्या आईने घातले. म्हणजे ज्या बाईने तुम्हाला जन्म दिला तिने, माझ्या बायकोने.

झालं ते असं. बूट पूर्ण झाले, मी पॉलिश करून फळीवर ठेवले. ही चहा घेऊन खाली आली. तिला आयुष्यात बाजारचा बूट कधी झाला नाही. एक पाय बसतो तर दुसरा आत पोहतो. म्हणून तपकिरी जोड बघून म्हणाली, "हे माझे? आज कुठून सूर्य उगवला?"

"तुझे नाहीत. गिऱ्हाइकाचे."

"माझ्यासाठी काही करायचं म्हटलं की यांना दोरा मिळत नाही," असं म्हणत तिने चेष्टेने पाय घातला. मग दुसरा घातला. उभी राहिली. टाच उचलून बघितली, चवडा दाबून बघितला. डावी टाच, जी जगातल्या कुठल्याच बुटात बसत नाही, ती बसली होती. मी हसत होतो. म्हटलं, "बघ, तुझं कलबूत वापरलं. पाय तंतोतंत तुझेच घेऊन आली ती बाई."

ती चामड्याच्या तुकड्यांच्या पोत्यावर बसली. 

"वय काय तिचं?"

"असेल तिशीची. थोडी पुढे."

"केस?"

"केस मी कुठे बघतो? मी गुडघ्याखाली बघतो."

"चालते कशी?"

"म्हणजे?"

"चालते कशी ते करून दाखवा."

ताई, माझं वय झालंय, कंबर धरते. तरी मी दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुमच्यासारखं चालून दाखवलं. तुम्ही डावा पाय टाकताना जरा बाहेर फेकता, तो फेकला. पिशवी उजव्या खांद्यावर घेता, म्हणून ॲप्रन खांद्यावर टाकला. तेवढ्यात चावीवाला दारात. "काय उस्ताद, नाटकात बायकी काम मिळालं का?" मी त्याला हाकललं. ही म्हणाली, "परत." मी परत चाललो. "परत." मी दमलो तोवर चालवलं मला तिने. ना हसली, ना रडली. मग बूट काढले, पदराने पुसले, जागच्या जागी ठेवले आणि वर गेली. चहा तसाच राहिला.

मला तेव्हाही कळलं नाही. मी असा आहे. खोकला आला की मला क्षय वाटतो, वीज गेली की युद्ध वाटतं, आणि समोर उभं असतं ते मात्र दिसत नाही.

तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं एकत्र राहून तिने नवऱ्याला सांगितलं कसं नाही? आमची गाठ पडली ती ऐका. मी तरुण होतो, वडील नुकतेच गेले होते. ही दुकानात आली ती दवाखान्याच्या रबरी सपाता घालून, दोन माप मोठ्या. पाय सुजलेले. म्हणाली, "चालायला जमेल असं काही तरी द्या." मी माप घेतलं, बूट शिवले, आणि थोड्याच महिन्यांत ते तिला इतके सैल झाले की टाच बाहेर यायला लागली. माझी मान खाली गेली. धंद्यात माप चुकणं म्हणजे आचाऱ्याने मीठ विसरणं. मी टेपला दोषी धरलं, टेप फेकून दिली, नवी आणली, तिला नवे बूट शिवून दिले. तेही जुने होईपर्यंत ती इथेच राहायला आली होती.

बाळंत बाईचे पाय आधी सुजतात आणि नंतर ओसरतात, हे मला कोण सांगणार? घरात बाईमाणूस नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होतो की टेप खराब होती.

मी तिला मागचं विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कोणी तरी होता, एवढं म्हणाली होती. मी म्हटलं, होता तर होता, आता मी आहे. त्या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं आणि कधी तडा गेला नाही. म्हणून पुढे जे झालं त्याने मी पार हादरलो. हात दुखायला लागलाय. ते उद्या-परवा लिहितो, उत्तराची वाट न बघता. तुम्ही फाडणार असाल तर दोन्ही एकदम फाडा.


बुधवार, १६ ऑक्टोबर

ताई,

त्या दिवसानंतर ही दुपारी बाहेर जायला लागली. आमची ही, जिला भाजी आणायची तर चार वेळा 'जाऊ की नको' होतं, ती जेवण झालं की केस विंचरून निघायची. "कुठे?" म्हटलं तर "आलेच." परत यायची ती दमून, पण डोळे असे की आत कोणी दिवा लावलाय. आणि लंगडायची. मी विचारलं, तर म्हणाली, "वय झालं."

मग एका दुपारी मी फळीवरचं खोकं उचललं तर ते हलकं. तुमचे बूट आत नव्हते. संध्याकाळी बघतो तर जागेवर, पुसलेले, पण तळाला बारीक खडी रुतलेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात चोरी नव्हती तरी चांदणंच चांदणं. म्हटलं, तो आला. तो जुना. नाही तर दुसऱ्याचे नवे बूट घालून, केस विंचरून बाई कोणाला भेटायला जाते? त्याला शोधून काढायला हवं असंही वाटायचं आणि तो सापडू नये असंही वाटायचं. जेवताना मी तिच्याकडे बघायचो आणि घास तोंडातच फिरत राहायचा. एकदा ती म्हणाली, "असं काय बघता? मेले का मी?" मी म्हटलं, "नाही, मीठ."

शेवटी दुकान चावीवाल्यावर टाकलं आणि तिच्या मागे निघालो. तो म्हणाला, "म्हातारपणी बायकोचा पाठलाग? काय हे उस्ताद, लोक तरुणपणी करतात." मी म्हटलं, "तेव्हा ती पुढे चालत नव्हती." पहिल्या दिवशी चौकात तिला हरवलं. दुसऱ्या दिवशी दम लागून परत आलो. तिसऱ्या दिवशी टिकलो. ती छापखान्याची गल्ली ओलांडून, दवाखान्याच्या मागच्या भिंतीच्या कडेने तळ्यावरच्या बागेत शिरली. मी गजाआडून बघत राहिलो. तळ्याकाठच्या बाकावर एक माणूस वर्तमानपत्र धरून बसला होता. मी गज दोन्ही हातांनी धरला.

ती त्याच्यापाशी गेली आणि पुढे निघून गेली. त्याने पान उलटलं. ती तळ्याला वळसा घालून आली, परत पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. खडीवरून चालायची, गवतावरून नाही. मधेच थांबून पाय वाकवायची, चवड्यावर उभी राहायची, टाच आपटायची. वर्तमानपत्रवाला उठून घरी गेला. मग ती बाकावर बसली, उजवा बूट काढला, मोजा सोलला. टाचेला फोड होता, फुटलेला. पिशवीतून पट्टी काढून चिकटवली, दात आवळून बूट परत चढवला आणि उठली.

मी आत गेलो. तिने मागे न बघता म्हटलं, "आलात? मला वाटलं परवाच याल. तुमचा खोकला तीन दिवस माझ्या मागे येतोय."

"हे काय चाललंय?"

"बूट मऊ करतेय."

"कोणाचे?"

"चावतात हो. नवं चामडं आहे, तुम्ही नेहमीसारखं टाचेला कडक केलंय. तिला चावायला नकोत."

ताई, पूर्वी आमच्या धंद्यात हे होतं. मोठ्या घरच्या माणसाचे बूट त्याच्याच मापाचा कोणी गडी आठ-पंधरा दिवस घालून फिरायचा आणि मग धन्याला द्यायचा. ती गोष्ट मीच तिला कधी तरी सांगितली होती. हसण्यावारी. तिने ती कुठे जपून ठेवली होती, देव जाणे.

बाकावर बसून तिने मला सांगितलं. रडली नाही. हिशेब दिल्यासारखं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी, एकटी, तो निघून गेलेला. बाळ नेणारे लोक बाहेर बसलेले. "चेहरा मला आठवतच नाही," म्हणाली. "दाखवला असेल, नसेलही. पण पाय मला माहीत आहेत. इथे, उजव्या बरगडीखाली लाथ मारायची. रोज जेवण झालं की. मी म्हणायचे, अगं हळू. तिचे पाय मला ती बाहेर यायच्या आधीपासून ठाऊक आहेत. ते चालायला लागले तेव्हा मी नव्हते. पहिला बूट कोणी घातला, कुठल्या बोटाला लागला, रडली का, काही माहीत नाही. तिच्या वाटचं काहीच दुखणं माझ्या वाट्याला आलं नाही. म्हटलं, एवढ्या एका जोडाचं तरी मी घेते."

मी टोपी काढली. का काढली माहीत नाही. एरवी फक्त मयताला काढतो. इथे समोर एक दमलेली बाई होती आणि तिच्या टाचेला चिकटवलेली पट्टी होती. आयुष्यभर मी लोकांच्या पायाशी बसलो. मला वाटायचं, पाय म्हणजे मला जन्माचे कळलेले. त्या बाकावर पहिल्यांदा वाटलं की मी बाहेरूनच बघत आलो, खिडकीतून दुसऱ्याचं घर बघावं तसं.

मग मी तिला तुमच्या प्रश्नाचं सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिने बुटावरची खडी झटकली. म्हणाली, "तुम्ही खरं तेच बोललात. मी तुम्हाला दुसरं काही सांगितलं होतं का?" आणि नंतर, "ती हसली होती ना? मग कसं हसली ते करून दाखवा." ते मात्र मला जमलं नाही.

परत येताना ती माझा हात धरून चालली, लंगडत. लग्नानंतर रस्त्यात पहिल्यांदा. मी तिला म्हटलं, खोक्यावर पत्ता आहे, लिही. तर म्हणाली, "मी? मी कोणत्या तोंडाने बोलावू? बूट हवे असतील तर येईल." तुम्हाला मी लिहितोय हे तिला माहीत नाही.

बूट आता असे झालेत, ताई, की पायात आहेत हे पायाला कळणार नाही. ते मी कोणालाही देऊन टाकणार नाही. तुम्हाला नको असले तरी फळीवर राहतील.


मंगळवार, ५ नोव्हेंबर

पोरी,

तुझं पत्र आलं. 'तू' म्हटलं म्हणून रागावू नकोस, पत्राच्या शेवटी तूच 'काका' लिहिलंयस. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. फोड तीन आले. दोन उजव्या टाचेला, एक डाव्या पायाच्या लांब बोटावर. बरे झालेत. टाचेवर डाग राहिलाय, तो राहील.

पण पत्र माझ्या हातात पडलं नाही. मी चामडं बघायला बाजारात गेलो होतो, पोस्टमनने ते हिच्या हातात दिलं. परत आलो तर ती माझ्या स्टुलावर बसलेली, पाकीट मांडीवर, न फोडलेलं.

"तुम्हाला पत्र? तुम्हाला कोण पत्र लिहितं?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वाचा." मी वाचायला लागलो, एकेक अक्षर लावत. तिला दम निघेना. "सोडा इकडे, तुमचं वाचून होईतो मी मरेन," म्हणत तिने कागद ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

तू लिहिलंयस ते मला आता पाठ आहे. 'माझी आई आहे. तिनेच मला वाढवलं. तिचं वय झालंय. जन्माच्या कागदांवरून माग काढत मी तुमच्याकडे तिच्या नकळत आले होते, आणि तुम्ही कोणी नाही म्हणालात तेव्हा मला रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. तिला कळलं तर ती खचेल. मी येऊ शकत नाही.'

वाचून झालं. हिने कागद घडी करून मला परत दिला. "बरोबर आहे तिचं," म्हणाली आणि वर गेली. वर भांडी आपटल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. मी खाली एका बुटाला चार वेळा तोच टाका घातला आणि उसवला. मनात म्हटलं, उस्ताद, झाकलेलं होतं ते बरं होतं. हात दाखवून अवलक्षण. आता हिला हेही दुखणं, आणि ते तू आणलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली, कागद-पेन माझ्यासमोर ठेवलं. "लिहा. मी सांगते तसंच लिहायचं, तुमच्या पदरची भर नको."

"तूच लिही की. तुझं अक्षर चांगलं आहे."

"सुरुवात तुम्ही केलीत. लिहा."

हे तिचे शब्द. मी काही घातलेलं नाही.

'तू लिहिलंस त्यात चूक काहीच नाही. पण माझ्याकडे चोरून येऊ नकोस. मी एकदा चोरून आई झाले, पुन्हा चोरून व्हायचं नाही. तुझ्या आईला सांग. सगळं एकदम नको, जमेल तसं. त्या खचतील असं तू म्हणतेस. मला नाही वाटत. परक्याचं मूल छातीशी घेऊन ज्यांनी त्याला चालायला शिकवलं, त्या माझ्या टाचेच्या एका डागाने खचायच्या नाहीत. त्यांना म्हणावं, ती बाई काही मागायला बसलेली नाही. तिला फक्त ऐकायचंय. पहिला बूट कुठला होता, बंद बांधायला कोणी शिकवलं, कुठे कुठे पडलीस, गुडघा फुटला तेव्हा त्यांनी काय लावलं. तुझ्याकडून नको, तुला काय आठवणार. त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांच्याखेरीज हे जगात दुसऱ्या कोणाला माहीत नाही. त्या आल्या तर तू ये. नाही आल्या तर तूही येऊ नकोस, मी रागावणार नाही. पण त्यांना माझा नमस्कार सांगितल्याशिवाय राहू नकोस.'

मी लिहीत गेलो आणि माझे डोळे भरत गेले, म्हणून मधली एक ओळ तिरकी झालीय. मला वाटलं होतं, ती म्हणेल, एकदा तरी भेटू दे. मी असतो तर पाया पडून मागितलं असतं. आणि ही त्या बाईंना आवतण देतेय. ज्यांच्याजवळ तिचं सगळं आहे, त्यांनाच म्हणते, या, बसा, मला सांगा. माणसाच्या आत एवढी जागा असते कुठे? मी विचारलंही, "आणि त्या नाहीच आल्या तर?"

"तर नाही आल्या."

"मग तू काय करशील?"

"चहा करीन. तुम्हाला चहा लागतो."

मग म्हणाली, "दोन खुर्च्या कमी पडतील. चावीवाल्याकडून आणा. आणि त्याला म्हणावं, त्या दिवशी तोंड बंद ठेव." चावीवाल्याला सांगितलं तर तो पठ्ठ्या काही बोललाच नाही, दोन खुर्च्या आणून ठेवून गेला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

पोरी, यापुढचं मी माझ्या पदरचं लिहितोय. तिला दाखवणार नाही. तुझ्या आईंना हे पत्र वाचायला दे, अगदी सगळी पत्रं दे. मी अडाणी आहे, माझ्या अक्षराला त्या हसतील, हसू देत. त्यांना सांग, इथे एक म्हातारा आहे, तो दारात उभा राहील आणि त्यांना जिन्याला हात देईल. त्या नको म्हणाल्या तरी तसं कळव. 'नाही' हा एक शब्द लिहून पाठवलास तरी चालेल, आम्ही तो वाचू आणि नीट ठेवू. पण गप्प राहू नकोस. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की ही गॅस बंद करते, त्याच्या सायकलचा आवाज ऐकू यावा म्हणून. तो पुढे निघून गेला की पुन्हा पेटवते. कित्येक दिवस आमचा चहा अर्धवट उकळलेलाच राहतोय. लवकर कळव, पोरी.

तुझा
काका